नांगर ते पंप : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांनी जपलेली माणसे

दक्षिण महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या बागायतदाराच्या वाड्यात गेलात, तर गोठ्याच्या कोपऱ्यात गंजलेला लोखंडी नांगर, पडवीत कडबा कापायचे चाकाचे यंत्र आणि विहिरीवर पंप असे तीन वेगवेगळ्या काळातले सामान अजूनही सापडते. नांगर आजोबांनी घेतलेला, पंप मुलाने घेतलेला. मधे तीस-चाळीस वर्षे गेलेली. तरी तिन्हींवर नाव बऱ्याचदा एकच असते. एका घराने एकाच कारखान्याकडून एवढ्या वर्षांत वेगवेगळ्या कामाची यंत्रे का घेतली असावीत?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्यात आहे. त्यांच्यावर लिहिताना सहसा पहिला भारतीय लोखंडी नांगर बनवणारे उद्योजक एवढेच सांगितले जाते. पण नांगर हा त्यांच्या अनेक धंद्यांपैकी एक होता. आधी सायकली, मग कडबा कापणी यंत्र, मग नांगर, उसाचा चरक, भुईमूग फोडणी यंत्र, पंप, काही काळ लोखंडी फर्निचरसुद्धा. धंदा बदलत गेला, पण त्यांच्याबरोबरची माणसे फारशी बदलली नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्या किंवा अवजार बँक काढणाऱ्या आपल्या वाचकांना मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सांगायचा आहे.

चित्रकलेकडून यंत्राकडे

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकात मन रमेना. चित्रे काढणे आणि वस्तू उघडून पाहणे यातच जीव. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी पाठबळ दिले. दोन वर्षांत लक्षात आले, की त्यांना काही रंगांतील फरक नीट कळत नाही. चित्रकाराला हा दोष म्हणजे वाटच बंद. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे धरली. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेत यंत्रे कशी चालतात, बिघडली की काय करायचे, हे स्वतः हात काळे करून शिकले.

नोकरीत असतानाच १८८८ मध्ये धंद्याची सुरुवात झाली. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत. रामूअण्णा सायकल विकत, ती चालवायला शिकवत आणि शिकवण्याचे पंधरा रुपये घेत. मला यातला शिकवण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. वस्तू हातात देऊन मोकळे न होता ती वापरता येईपर्यंत सोबत राहायचे, ही सवय किर्लोस्करांना सायकलीच्या दुकानात लागली. नांगराच्या वेळी तीच कामाला आली.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि कायमचे बेळगावला आले. बंधूंच्या नावाने दुकान होतेच. त्यात छोटी कार्यशाळा आली.

नांगर विकला जाईना

सुरुवातीला त्यांनी कडबा कापणी यंत्र बनवले. ज्वारीच्या प्रदेशात अख्खी पेंढी जनावरांपुढे टाकली की जाड धाटे तशीच गव्हाणीत उरतात. कापून टाकली की वैरण पुरते. हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत होते, त्यामुळे यंत्र खपले. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर काढला आणि तिथे घोडे अडले. पहिले मोजके नांगर विकले जायला दोन वर्षे लागली.

का लागली, याचे नेहमीचे उत्तर असे, की लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. समज होता हे खरे. पण शेतकरी अडाणी होता म्हणून त्याने नांगर घेतला नाही, असे म्हणून पुढे जाणे मला कृषिविद्येचा माणूस म्हणून पटत नाही. लाकडी नांगर माती उकरतो, पलटत नाही. तासाच्या दोन्ही बाजूंना थोडी जमीन न नांगरलेली राहते. लोखंडी नांगराचा पंखा मातीचा थर कापून उलटा करतो. त्यामुळे कुंदा, हरळी, लव्हाळा यांच्या काशा वर येऊन उन्हाने वाळतात. भारी काळ्या जमिनीत हा फायदा मोठा. पण हलक्या, उथळ जमिनीत तोच नांगर खालचा मुरूम किंवा चुनखडीची माती वर आणतो आणि पहिल्या हंगामात पीक मार खाते. असे एखाद्या गावात एकदा जरी घडले, तरी लोखंड बाधते ही समजूत पसरायला तेवढे पुरे. (आजही खोल नांगरट दरवर्षी नको, काशीची तणे नसतील तर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते, आणि उथळ जमिनीत तर जपूनच.)

दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. लाकडी नांगर गावचा सुतार बनवत असे, फाळ गावचा लोहार तापवून ठोकून देत असे, आणि दोघांना सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळत असे. पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तरी सुतार पाच मिनिटांच्या अंतरावर. त्याच्याशी संबंध पिढ्यांचे. याच्या उलट बेळगावच्या कारखान्याचा नांगर रोख पैसे मागत होता, आणि मोडला तर काय करायचे याला उत्तर नव्हते. शेतकऱ्यापुढे खरा सवाल लाकूड की लोखंड एवढाच नव्हता. वर्षानुवर्षांचे दुरुस्तीचे नाते सोडून अनोळखी माणसाची वस्तू घ्यायची का, हा होता. म्हणजे लक्ष्मणरावांना नांगराबरोबर सुतार-लोहाराची जागाही भरून काढायची होती.

ती त्यांनी हळूहळू भरली. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला. फाळ टिकत नाही अशा तक्रारी आल्या तेव्हा शेतकऱ्याच्या चालवण्यावर दोष ढकलला नाही. ओतकाम सुधारले आणि फाळाचे टोक कठीण राहील असे लोखंड बनवले. नांगर एकदा घेतला की दहा-पंधरा वर्षे जातो, पण फाळ झिजतो. मुरमाड, खडकाळ रानात तर फारच लवकर. नवा फाळ जुन्या नांगराला कानस न मारता बसला पाहिजे आणि हंगामाच्या आधी जवळच्या बाजारात मिळाला पाहिजे. नांगर विकत घेतलेला शेतकरी फाळासाठी पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी कारखान्याची परीक्षा घेतो. पुढच्या चरकाची किंवा पंपाची विक्री या फाळाच्या खेपांत ठरत होती, असे मी समजतो.

औंधचे पंतप्रतिनिधी

नांगराचा जम बसत असतानाच बेळगावची जागा गेली. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी ती हवी होती, आणि कारखाना हलवण्याखेरीज मार्ग उरला नाही. यंत्रे, माणसे, अर्धवट माल, जायचे कुठे?

इथे जुनी ओळख कामी आली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या अखेरीस गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, स्वदेशीचे पुरस्कर्ते, सूर्यनमस्काराचे प्रचारक. लक्ष्मणराव औंधला बांधकामाच्या कंत्राटासाठी जात आणि दोघांचा परिचय वाढला होता. एक राजा आणि एक कारखानदार, पण दोघांनाही चित्रकलेची ओढ. अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी संस्थानच्या हद्दीत, पुणे–मिरज रेल्वेमार्गावरील कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले.

ही जमीन म्हणजे माळ. निवडुंगाची बने, साप-विंचू, पाण्याची वानवा. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहतीला सुरुवात झाली. बेळगावहून आलेले पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे हीच पहिली वस्ती. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतो आणि त्याला किर्लोस्करवाडी म्हणतात.

बांधकामाचे कंत्राट आणि नांगराचा कारखाना यांचा वरवर काही संबंध नाही. पण एका कामात दिसलेल्या माणसावर दुसऱ्या, पूर्ण वेगळ्या कामासाठी विश्वास टाकला गेला. बाळासाहेबांनी कारखान्याचा ताळेबंद पाहून पैसे दिले असतील असे मला वाटत नाही. तेव्हा ताळेबंदात दाखवण्यासारखे होतेच काय? आपल्याकडे एक काम संपले, बिल निघाले की त्या माणसाचा फोनसुद्धा उचलायचा नाही अशी पद्धत सर्रास दिसते. एका तालुक्यातील यंत्र पुरवठादाराने अनुदानाच्या योजनेत शेकडो अवजारे विकली आणि योजना संपताच गाशा गुंडाळला, हे मी जवळून पाहिले आहे. पुढच्या वर्षी तोच माणूस फवारणी पंप घेऊन आला तेव्हा गावात त्याला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

सोबतची माणसे

किर्लोस्करवाडीत कामाची वाटणी चोख होती. रामूअण्णा वसाहतीचा कारभार पाहत: घरे, पाणी, स्वच्छता, शिस्त. शंभोराव जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाकडे. के. के. कुलकर्णी यांच्याकडे पदवी नव्हती, पण अडलेले काम सोडवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. अनंतराव फळणीकर परीक्षेत नापास झालेले. ते इथे कल्पक अभियंता ठरले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम आणि पिऱ्या या दोघांना लक्ष्मणरावांनी चक्क वसाहतीची राखण सांगितली, आणि त्यांनी ती इमानाने केली.

ही यादी मुद्दाम दिली. यातली बरीच माणसे नांगरासाठी आली आणि उत्पादन बदलले तरी टिकली. चरकाचे लाट ओतायला लागणारे कसब नांगराच्या ओतशाळेत तयार झाले होते. पंपाची घडण चरकाच्या कामावर तासून निघालेल्या हातांनी केली. नव्या प्रकल्पासाठी दर वेळी नवी माणसे जमवणारा आणि जुनी सोडून देणारा मालक हे कसब दर वेळी पायापासून उभे करत बसतो.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे मुश्कील झाले. भाव चढले, तुटवडा पडला. नांगराला मागणी होती आणि ओतायला लोखंड नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट सांगायला छान आहे. पण तोफा अशा कोणालाही मिळत नसतात. किर्लोस्करांचा नांगर कोल्हापूर भागातील शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे हे दरबाराला पटलेले असल्याखेरीज हे झाले नसते.

विकल्यानंतरचा पत्रव्यवहार

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक सुरू केले. हेतू साधा होता: कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावी. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच घरातून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली आणि मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. तो वाङ्मयाचा इतिहास इथे बाजूला ठेवू. विस्ताराच्या कामातल्या माणसाने एवढेच पाहावे, की नांगर विकून झालेल्या माणसाशी बोलत राहण्यासाठी या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी छापील कागद काढला. आज मोबाइलवर गट करणे दोन मिनिटांचे काम आहे. त्या गटांत जाहिराती पडतात. फाळ कधी बदलावा, पंपाचा पाय कचऱ्याने का अडकतो, हे कोणी लिहीत नाही.

नांगरापाठोपाठ आलेल्या वस्तू पाहा. कृष्णाकाठी ऊस होता, म्हणून चरक. भुईमूग वाढत होता, म्हणून शेंगा फोडण्याचे यंत्र. विहिरी खोल होत होत्या आणि मोटेला बैल पुरत नव्हते, म्हणून १९२६ च्या सुमारास पंप. प्रत्येक वस्तू त्याच शेतकऱ्याच्या पुढच्या अडचणीतून आलेली. ज्याला नांगर विकला, त्याच्या शेतात पुढे काय अडते हे विक्रेत्याला ठाऊक असे, कारण फाळाच्या निमित्ताने भेट होत असे. नवे यंत्र दाखवायला परक्या दारात जावे लागत नव्हते.

याच सुमारास पुढची पिढी आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेतून अभियंता होऊन १९२६ मध्ये परतले आणि वाडीतच कामाला लागले.

मग १९२९ नंतरची मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. ज्याच्या हातात पैसा नाही तो नांगर कसला घेणार? नवी अवजारे खपेनात. कारखान्याने लोखंडी खुर्च्या, कपाटे, खाटा बनवून भट्ट्या आणि माणसे कामात ठेवली. काही जणांना हे ध्येय सोडल्यासारखे वाटेल. मला तसे वाटत नाही. कारखाना बंद पडला असता तर ज्यांच्या घरी नांगर होते त्यांना फाळ कोणी दिला असता? मंदी ओसरल्यावर पंपाची मागणी आली, तेव्हा ओतारी आणि विक्रेते जागेवर होते.

हरिहर आणि १९४८

औंधसारखाच अनुभव दुसऱ्यांदा आला तो म्हैसूर संस्थानात. १९४१ मध्ये तिथल्या सरकारच्या पाठिंब्याने हरिहर येथे यांत्रिक हत्यारांचा, म्हणजे लेथ वगैरे बनवण्याचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला. इंजिन, मोटार आणि पंप एकाच घरचे झाले. वीज नसलेल्या गावाला इंजिन, वीज आलेल्या गावाला मोटार. ही कामे मुख्यतः शंतनुरावांची. लक्ष्मणराव तोवर पंच्याहत्तरी ओलांडलेले, दैनंदिन कारभारातून बाजूला झालेले होते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याने महाराष्ट्रभर ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि व्यवसाय यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीलाही आग लागली; कारखान्याचे मोठे नुकसान झाले. जातिभेद न मानता माळावर वसाहत वसवणाऱ्या माणसावर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे पाहण्याची पाळी आली. चाळीस वर्षे जपलेल्या संबंधांनी त्या दिवशी आग थांबवली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगले वागले की संकट येत नाही, असे या चरित्रातून कोणी काढू नये.

मात्र कारखाना तिथून हलवायचा नाही असे ठरले. राख उपसून भट्ट्या पुन्हा पेटवल्या. या उभारणीत जुने कामगारच होते, आणि ज्या परिसरातून जमाव आले त्याच परिसरातली माणसे पुन्हा कामावर येऊ लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झाले. ३२ एकर माळ देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये वारले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर पश्चिम महाराष्ट्रात लोखंडी नांगर इतका रुळला होता, की तो कधीकाळी दोन वर्षे गिऱ्हाइकाविना पडून होता हे नव्या शेतकऱ्यांना सांगूनही खरे वाटले नसते. कुंडल रोड स्टेशनची पाटी बदलून तिथे किर्लोस्करवाडी लिहिले गेले. कारखान्यात आजही पंप बनतात. नांगर मात्र आता ट्रॅक्टरमागे चालतो, आणि त्याचा फाळ घ्यायला शेतकरी दुसऱ्याच दुकानात जातो.